पाऊस कोणी मोजला

गेनू ढेबे कुठे आहेत, असं विचारल्यावर दारातल्या बाईने जराही न अडखळता सांगितलं, "गुरं घिऊन गेल्यात."

बाहेर पाऊस असा होता की दहा पावलांवरचं हिरड्याचं झाड दिसत नव्हतं. आणि बाजूच्या गोठ्यात दोन म्हशी नि एक रेडकू रवंथ करत माझ्याकडे बघत होती. मी म्हशींकडे पाहिलं, मग बाईकडे. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि चहा ठेवायला आत गेली. मला आनंद झाला. खोटं इतक्या लवकर आणि इतकं ढळढळीत हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

ही दोन हजार चारच्या जुलैमधली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो, कराडचा, आणि पुण्यातल्या एका खासगी कंपनीत इंजिनियर म्हणून चिकटलो होतो. आमच्या कंपनीने एका धरणाच्या वरच्या डोंगरांत पाऊस मोजणारी अकरा यंत्रं बसवली होती. यंत्राला तबकडी, म्हणजे डिश जोडलेली. दर पंधरा मिनिटांनी किती पाऊस पडला तो आकडा यंत्र उपग्रहाकडे पाठवायचं आणि उपग्रहाकडून तो खाली धरणाच्या पूर नियंत्रण कक्षात यायचा. माणूस नको, वही नको, चिखल तुडवणं नको. उद्घाटनाला नारळ मीच फोडला होता.

अकरापैकी दहा ठिकाणांबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण तिथे ताडून बघायला दुसरं काही नव्हतंच. अकरावं ठिकाण मेटवरंड. ऐन घाटमाथ्यावरची वीस-बावीस घरांची वाडी. तिथे खात्याचा जुना पर्जन्यमापक होता, पत्र्याचा डबा, आत नरसाळं आणि बाटली. बावीस वर्षं गेनू ढेबे नावाचा रोजंदारीवरचा माणूस त्यातलं पाणी मोजून वहीत आकडे लिहायचा. आधी तो ते बिनतारी यंत्रावरून कळवायचा. ते यंत्र काढून नेल्यापासून दर आठवड्याला वहीचं पान टपालाने खाली यायचं.

नियंत्रण कक्षाचे उपअभियंता मुजावर साहेब. त्यांनी मला बोलावून टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एक आमच्या यंत्राचा, एक गेनूच्या वहीचा. साध्या पावसाच्या दिवशी दोन्ही आकडे सख्ख्या भावांसारखे जुळत होते. पण धो धो पावसाच्या दिवशी गेनूचा आकडा दुप्पट. सात जुलैला यंत्र म्हणत होतं एकशे दहा मिलिमीटर, गेनू म्हणत होता दोनशे बारा.

"इंगवले, एक तर तुमचं यंत्र खोटं बोलतंय, नाही तर गेनू," ते म्हणाले. "कोण, ते वर जाऊन बघा आणि लेखी द्या. यंत्र खरं निघालं तर ऑक्टोबरपासून गेनूची रोजंदारी बंद करायची असं वरून ठरलंय."

शिवाय गेनूच्या वहीत चौदा आणि पंधरा जूनचे रकाने साफ रिकामे होते. मुजावर साहेबांनी त्यावर लाल गोल केला होता. माणूस जागेवर नसतो आणि मागाहून मनाला येईल ते आकडे ठोकून देतो, असा कक्षातल्या सगळ्यांचा कयास. माझाही तोच. सकाळच्या एसटीने घाटाच्या पायथ्याशी उतरून तीन तास चढून आलो, तो निकाल मनात लावूनच. प्रश्न फक्त गेनूला रंगेहाथ पकडण्याचा होता.

माझी राहायची सोय खात्याच्या चौकीत होती. चौकी म्हणजे ढेब्यांच्या घराला लागून असलेली एक पत्र्याची खोली. आत आमचं यंत्र, छपरावर डिश, आणि अंगणात कुंपण घातलेल्या चौकोनात दोन पर्जन्यमापक, आमचा आणि गेनूचा. संध्याकाळी गेनू आला नाही. बाईने पिठलं-भात आणून दिला. गेनूबद्दल विचारलं तर म्हणाली की पाव्हण्याकडं थांबले असतील. म्हशींबद्दल मी काही विचारलं नाही.

सकाळी साडेआठला दार किलकिलं करून मी पाळतीवर बसलो. अंगणात इरलं पांघरलेली एक आकृती आली. ती बाईच होती. तिने कुंपणाचं फाटक लावून घेतलं, डब्यातली बाटली काढली, मोजपात्रात पाणी ओतलं आणि पात्र डोळ्यासमोर येईल इतकी वाकली. इरल्याच्या आडोशाला, पाण्याच्या रेषेला डोळा लावून ती बराच वेळ तशीच राहिली. मग पाणी फेकलं, बाटली परत बसवली, हात पुसले आणि पदराआडच्या वहीत आकडा लिहिला.

मी जवळ गेलो. हे काम तुम्ही कसं करता, असं विचारलं. ते येईपर्यंत करते, असं उत्तर आलं. पुढची मोजणी साडेअकराला होती. तेव्हा मी हटकून शेजारी उभा राहिलो आणि तिच्या आधी मोजपात्र हातात घेतलं. मी म्हणालो सदतीस. तिने पात्र माझ्या हातातून घेतलं, खाली दगडावर सपाट ठेवलं, वाकली आणि म्हणाली, "छत्तीस पॉइंट चार. हातात धरलं की कलतं, सायेब."

ते छत्तीस पॉइंट चारच होतं. चौथी शिकलेल्या बाईकडून मला पहिल्या वर्षाचा धडा परत मिळाला होता, आणि मला तो आवडला नाही.

तेवढ्यात घरातून खोकल्याचा आवाज आला. म्हशीचा नव्हता.

मी तिच्याकडे पाहिलं. आता काही सांगण्यात अर्थ नाही हे तिलाही कळलं. ती मुकाट पुढे झाली आणि मी तिच्या मागोमाग घरात गेलो. मधल्या खोलीत खाटेवर गेनू ढेबे पडला होता. उजवा हात, उजवा पाय लाकडासारखे. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र टक्क उघडे, आणि त्यांत सरकारी माणसाला बघून दाटलेली भीती. आदल्या श्रावणात शेतात पडला तो उठलाच नव्हता. म्हणजे अकरा महिने झाले होते. तेव्हापासून पाऊस गेनूची बायको मोजत होती आणि नाव गेनूचं चाललं होतं.

हे खपलं कसं, याचं उत्तर सोपं होतं. पावसाळ्यात खात्याचा कोणी वर चढत नसे. तपासणी व्हायची फेब्रुवारीत, वाट कोरडी झाल्यावर, आणि तेव्हा पाऊस कोण मोजतंय हे बघायचा प्रश्नच नव्हता. फेब्रुवारीतही गेनू गुरं घेऊन गेलेला होता.

मी वही मागितली आणि ते दोन रिकामे दिवस दाखवले. तिने सांगितलं की त्या दोन दिवसांत गेनूला झटके आले. वाडीतल्या चौघांनी डोलीत घालून त्याला खालच्या दवाखान्यात नेलं, ती बरोबर गेली होती. परत आल्यावर पोस्टमनने तिला सुचवलं होतं की शेजारच्या दिवसांसारखा काहीतरी आकडा टाकून दे, कोण बघतंय.

"मग टाकला का नाहीत?" मी विचारलं.

"पाऊस तर पडलाच असंल की त्या दिशी. पर म्या बगितला न्हाई. न बगितलेला कसा लिवायचा?"

मी त्या वेळी हे फार मनावर घेतलं नाही. मला ती भोळी वाटली. बाई प्रामाणिक असेल, पण यंत्र चुकत नाही, एवढं माझं पक्कं होतं. बाटलीत पन्हळीचं पाणी शिरत असेल, झाडाचं ठिबकत असेल, असं काहीतरी निघेल असं धरून मी दुपारी यंत्राला लॅपटॉप जोडला आणि बसलो.

आमच्या यंत्रात दोन इवलाली पारडी होती. एक भरलं की कलंडायचं आणि दुसरं वर यायचं. एका कलंडण्याला अर्धा मिलिमीटर पाऊस. पंधरा मिनिटांची बेरीज झाली की यंत्र ती डिशवाटे पाठवायचं आणि पाटी कोरी करून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचं. मोडेमवर एक हिरवा दिवा होता. तो पेटलेला असला की उपग्रहाशी गाठ पडलेली आहे असं समजायचं. दिवा हिरवागार होता. मी पाय पसरले.

एकच्या सुमारास पाऊस वाढला. वाढला म्हणजे काय ते मैदानातल्या माणसाला सांगून समजणार नाही. पत्र्यावर आवाज असा की स्वतःशी बोललेलंही ऐकू येईना. समोरचं अंगण गेलं, मग कुंपण गेलं. पारडी टकाटक कलंडत होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर हिरवा दिवा लुकलुकला, पिवळा झाला आणि विझला.

मी आधी वायरी हलवल्या. मग वाटलं डिशच्या तोंडाशी पाणी जमत असेल. शिडी लावून छपरावर चढलो. बाईचं इरलं मागून घेतलं होतं, ते डिशच्या पुढच्या टोकावर धरून मी तिथे उभा राहिलो, अंगावर एक कोरडा धागा नाही. खाली येऊन बघावं तर दिवा विझलेलाच. पुन्हा चढलो, इरलं जरा वर धरलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाई ओसरीतून ओरडून म्हणाली, "सायेब, डिशीवरला पाऊस अडवून काय हुतंय? त्यो समद्या आभाळात हाय."

मी शिडीवरच थांबलो. कॉलेजात हे मी शिकलो होतो, परीक्षेत त्यावर सात गुणांचं उत्तरही लिहिलं होतं. ज्या लहरींवर आमचं यंत्र बोलत होतं त्या बारीक लांबीच्या. पावसाचा थेंब त्यांना शोषतो आणि विखुरतो. थेंब जितके टपोरे आणि दाट, तितका संदेश दुबळा. परदेशातल्या रिमझिम पावसात तो कसाबसा पोचतो. आपल्या घाटातल्या पावसात तो डिशमधून निघतो आणि ढगाच्या वर पोचेपर्यंत त्याच्यात काही उरतच नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण कंपनीने यंत्र आणलं, मी नारळ फोडला, आणि पाऊस मोजायचं यंत्र पावसातच मुकं होईल हा विचार आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

खाली उतरून मी ओला तसाच लॅपटॉपसमोर बसलो. बाई दर तासाला अंगणात जाऊन येत होती. नेहमी तीन तासांनी मोजायचं, पण अशा पावसात बाटली भरून वाहते, म्हणून तासाला मोजायची ही तिची स्वतःची पद्धत. चारला पाऊस जरा ओसरला आणि तोवर मधून मधून पेटून विझणारा दिवा पुन्हा हिरवा होऊन टिकला. तेव्हा आम्ही हिशेब जुळवला. एक ते चारमध्ये तिच्या वहीत एकशे सव्वीस मिलिमीटर. माझ्या समोर पारडी कलंडली त्याची बेरीज एकशे एकवीस. म्हणजे यंत्राने मोजलं होतं ठीकच. पण मोडेमच्या नोंदीप्रमाणे बारा संदेशांपैकी खाली पोचले होते सहा, आणि त्यांची बेरीज चव्वेचाळीस. बाकीचं सगळं यंत्राने पाठवलं, कोणाला मिळालं की नाही याची वाट न बघता पाटी पुसली, आणि पुढे मोजायला लागलं.

मी बाईला ते समजावून सांगितलं. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर आहे, पाऊस त्यातला फक्त पहिल्या पाच-सहा किलोमीटरमध्ये, आणि तेवढ्यातच सगळं हरवतं, असं म्हणालो. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आमचा ओढा दारातच आहे, ती म्हणाली, तेवढा ओलांडला की माणूस पुण्याला जावो नाहीतर मुंबईला.

पण खरी गोम अजून पुढेच होती आणि ती तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. संदेश पोचला नाही तर कक्षातल्या तक्त्यात काय दिसायला हवं? काहीच नाही. रिकामी जागा. ती दिसली असती तर मुजावर साहेबांनी पहिल्याच आठवड्यात माझी मानगूट धरली असती. पण त्या तक्त्याच्या तळाशी ठळक छापलेलं होतं, की एकही रकाना रिकामा ठेवू नये. रिकामा रकाना दिसला की वरचं कार्यालय तक्ता परत पाठवायचं. म्हणून मे महिन्यात मी आमच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती: काही आलं नाही तर शून्य लिही. तक्ते एकदम छान भरू लागले. कंपनीने मला त्याबद्दल शाबासकीही दिली. म्हणजे घाटात ढगफुटी व्हायची आणि धरणावर, माझ्या कृपेने, कडक ऊन पडलेलं असायचं. मला त्या संध्याकाळी स्वतःची अशी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघणार होतो. त्या संध्याकाळी गेनूने मला आत बोलावून घेतलं. शब्द तोंडातून ओघळत येत होते, पण कळत होते. त्याने माझा हात डाव्या हाताने धरला.

"नाव माजंच ऱ्हाऊ द्या, सायेब. बावीस वरसं हाय त्ये."

मी म्हटलं, काळजी करू नका, मी बघतो. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात भाकरीचं पीठ. मी तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. मी तिचा होकार धरला आणि मोठा उपकारकर्ता असल्याच्या आनंदात चौकीत येऊन झोपलो.

मुजावर साहेबांपुढे मी काहीही लपवलं नाही, म्हणजे यंत्राबद्दलचं. पावसात संदेश कसा मरतो ते सांगितलं, शून्याची ओळ माझीच हेही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. त्यांनी लगेच फोन करून अकराही ठिकाणचे जुने तक्ते पुन्हा तपासायला लावले, आणि बिनतारी यंत्र मेटवरंडला परत पाठवायचा हुकूम दिला. मग म्हणाले, "म्हणजे गेनूची वही खरी."

"हो साहेब. अगदी दशांशापर्यंत."

"गेनूला मोजताना तुम्ही स्वतः पाहिलंत?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि ते माझ्याकडे सरळ बघत होते. आज मला वाटतं की ते मला वेळ देत होते. तेव्हा मला फक्त खाटेवरचा तो डावा हात आठवला.

"हो," मी म्हणालो. "पाहिलं."

त्यांनी चष्मा परत लावला, म्हणाले, ठीक आहे, तसं लेखी द्या. मी दिलं. 'गेनू ढेबे यांना मी समक्ष मोजणी करताना पाहिले असून त्यांच्या नोंदी अचूक आहेत.' खाली तारीख, सही.

त्या पत्राचं पुढे असं झालं की ते वरच्या साहेबाच्या हाती पडलं आणि त्याला ते फार आवडलं. उपग्रहाला हरवणारा रोजंदारीवरचा माणूस. अशा माणसाला कायम केलं पाहिजे, असा शेरा त्याने मारला. कंपनीच्या खर्चाने मी दिवाळीत पेढे वाटले नाहीत एवढंच. कायम करायचं म्हणजे कागद आले, आणि कागदांत शारीरिक पात्रतेचा दाखला आला. डिसेंबरमध्ये खात्याची जीप घाटाच्या पायथ्याशी गेली आणि दोन माणसं गेनूला घेऊन यायला वर चढली. त्यांनी खाटेसकट आणला. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने लिहून दिलं की हा इसम सोळा महिन्यांपासून अंथरुणाला खिळून आहे.

जानेवारीत मुजावर साहेबांनी मला बोलावलं. त्या दिवशी त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. गेनूचं नाव हजेरीपटावरून काढलं होतं. चौकशी लागली होती. आणि सोळा महिन्यांच्या सगळ्या नोंदी, ज्याची नेमणूक त्याने घेतलेल्या नाहीत म्हणून, अग्राह्य ठरवल्या होत्या. त्या जागी यंत्राचे होते तेवढेच आकडे राहणार होते, माझ्या शून्यांसकट.

"कागदावर आता त्या सोळा महिन्यांत मेटवरंडला पाऊस कोणी मोजलेलाच नाही," ते म्हणाले. "आणि बाईंची घरची चूल बंद. हे तुमच्या एका ओळीने झालं."

मी काहीतरी पुटपुटलो, की त्यांची नोकरी वाचावी म्हणूनच मी तसं लिहिलं.

"नोकरी वाचवायला मी बसलो होतो की इथे. आजारी माणसाच्या जागी घरचं माणूस बदली घ्यायची सोय आहे आमच्याकडे. त्याला काम करताना कोणीतरी पाहिलं आहे असं लेखी लागतं. फेब्रुवारीच्या तपासणीत गेनू गुरं घेऊन गेलेला होता हे मलाही पटलं नव्हतं, इंगवले. म्हणून तर तुम्हाला तसं विचारलं. तुम्ही खरं लिहिलं असतं, तर बाई ऑगस्टपासून स्वतःच्या नावाने कामावर असत्या."

फेब्रुवारीत मी मेटवरंडला गेलो. मला कोणी पाठवलं नव्हतं. वाट कोरडी होती, चढायला दोन तासही लागले नाहीत. चौकीला कुलूप होतं. खालच्या गावातला कोणी एक जण आठवड्यातून एकदा वर येऊन जातो, असं वाडीत कळलं. गेनू अंगणात उन्हाला पडला होता. मला बघून त्याने मान भिंतीकडे फिरवली.

बाई घराच्या वरच्या अंगाला शेतात राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, झाडपाला पसरत होती. मी वर गेलो. तिने काम थांबवलं नाही आणि शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या मागे मागे चालत सगळं सांगत गेलो, साहेबांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, खरं बोललो असतो तर काय झालं असतं, सगळं. शेवटी म्हणालो, "मला वाटलं तुमचीही तीच इच्छा आहे, मावशी. त्या संध्याकाळी तुम्ही काही बोलला नाहीत."

तिने हातातली फांदी खाली टाकली.

"मला इचारलं व्हतं का तुमी?"

नव्हतं विचारलं. तीन दिवस तिच्या हातचं जेवलो, तिने मोजलेल्या पाण्यावर माझी बेरीज तपासली, आणि तिच्या नोकरीबद्दल मी तिच्या नवऱ्याशी बोललो.

"त्येंच्यापुडं म्या काय बोलनार व्हते?" ती म्हणाली. "तेवडं नावच उरलं व्हतं त्येंच्याजवळ. पर तुमी भाईर चुलीपाशी यिऊन इचारलं असतं, तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"आता इचारताय?"

"आता विचारतो."

ती बांधावर बसली. मग म्हणाली, की पाऊस मी मोजला, तर तसं लिहा. एवढंच. ते तिने रागावूनही म्हटलं नाही.

मी तिथेच, मांडीवर वही घेऊन, मुजावर साहेबांच्या नावे दुसरं पत्र लिहिलं. आधीचं पत्र खोटं आहे, ते मी जाणूनबुजून लिहिलं, आणि जुलैत प्रत्यक्ष काय पाहिलं ते सगळं. त्या पत्राने माझी नोकरी महिन्याच्या आत गेली, आणि कंपनीला दोष देता येत नाही. त्याच पत्रावरून चौकशी फिरली, सोळा महिन्यांच्या नोंदी पुन्हा ग्राह्य धरल्या, आणि पुढच्या जूनपासून खात्याने तिला कामावर घेतलं. पुढे दहा वर्षं तिने तो पाऊस मोजला, असं मला मुजावर साहेबांकडून कळत राहिलं. मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

त्या दिवशी बांधावर पत्र लिहून झाल्यावर मी तिला ते वाचून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, प्रत्येक तारखेला मान हलवत होती. 'ही सर्व मोजणी गेनू ढेबे यांच्या पत्नीने केली', या वाक्यावर तिने मला थांबवलं.

"पत्नी न्हाई," ती म्हणाली. "भागूबाई."

मी शब्द खोडला आणि वर नाव लिहिलं.